एकच नट, तीन भूमिका: दिलीप प्रभावळकरांवरचा कार्यक्रम बसवताना

बडोदेकर_रंगकर्मी

आमच्या मंडळाने या गणेशोत्सवात दिलीप प्रभावळकरांच्या कामावर ४० मिनिटांचा कार्यक्रम करायचं ठरवलं आहे. बडोद्यात चिमणराव करायला वेगळं कारण लागत नाही, चिमणरावाचे लेखक चिं. वि. जोशी इथल्याच कॉलेजात पाली शिकवायचे. आराखडा असा आहे की निवेदिका प्रभावळकरांचा प्रवास सांगत जाईल आणि मधेमधे एकच नट तीन माणसं उभी करेल: चिमणराव, आबा टिपरे आणि चिंची चेटकीण.

नट तिशीतला आहे. शरीर सडपातळ, आवाज मोकळा. सभागृह लहान, रंगमंच साधारण २४ फूट बाय १६ फूट, आणि विंग एकाच बाजूला, डावीकडे. प्रेक्षक अडीचशेच्या आसपास, त्यात मुलं बरीच. तिकीट नाही. मदतीला दोन माणसं मिळतील, तालमीला सहा आठवडे आहेत.

निवेदनात नेमकं काय घ्यावं म्हणजे ते माहितीपत्रक वाटणार नाही? नटाने चित्रफिती पाहून नक्कल करावी की नाही? कपडे बदलायला किती वेळ धरावा? आणि परवानगी कोणकोणत्या गोष्टींची लागते? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

तिसरी_घंटा

निवेदनापुरतं लिहितो. नटाचं दुसरं कोणी सांगेल.

सालावार यादी नको. प्रभावळकरांच्या बाबतीत साल आणि वय शेजारी शेजारी ठेवलं की प्रवास आपोआप दिसायला लागतो. जन्म ४ ऑगस्ट १९४४, मुंबई. १९७७ साली मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव गुंड्याभाऊ' सुरू झाली तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. 'चौकट राजा' हा चित्रपट १९९१ चा, म्हणजे मनाने लहानच राहिलेला नंदू त्यांनी पंचेचाळिशी ओलांडल्यावर केला. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ मध्ये सुरू झाली, तेव्हा वय ५७, आणि भूमिका घरातल्या आजोबांची, म्हणजे आबांची. 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी २००६ साली, वय ६२. 'दशावतार'मधला बाबुली मेस्त्री २०२५ साली, वय ८१. तरुणपणी प्रौढ, प्रौढपणी मूल, मग आजोबा: स्वतःच्या वयाचं माणूस त्यांनी फार कमी वेळा केलं आहे. निवेदिकेने एवढं एक सूत्र धरलं तरी तुमच्या तिन्ही भूमिका एका माळेत येतात.

दुसरी गोष्ट, हा नट लेखकही आहे, आणि ही बाब निवेदनात हमखास एका ओळीत उरकली जाते. तिला दोन मिनिटं द्या. टिपरे कुटुंब आधी कागदावर जन्मलं, 'लोकसत्ता'तल्या 'अनुदिनी' या त्यांच्या सदरात. घरातल्या माणसांच्या रोजनिशा, आणि एकाच घटनेकडे प्रत्येकाची पाहण्याची आपापली तऱ्हा. केदार शिंदे यांनी ती मालिका केली ती अल्फा टीव्ही मराठीवर, ज्याचं पुढे झी मराठी झालं. शेखर राजन भिसे, श्यामला शुभांगी गोखले, शिऱ्या विकास कदम, शलाका रेश्मा नाईक. 'हसवाफसवी' हे नाटकही त्यांनीच लिहिलं आणि त्यातल्या सहा भूमिका स्वतः केल्या. मुलांसाठीचा बोक्या सातबंडेही त्यांचाच. जो माणूस पात्राची रोजनिशी लिहू शकतो त्याला त्या पात्राचं चालणं शोधायला वेगळे कष्ट पडत नाहीत. त्यांच्या विनोदाचं मूळ माझ्या मते इथे आहे. चेहरे करण्याचं कौशल्य त्यानंतर येतं.

सुरुवात सांगताना 'रंगायन' ही नाट्यसंस्था आणि विजय तेंडुलकरांचं 'लोभ नसावा ही विनंती' यांचा उल्लेख करा, आणि मग रत्नाकर मतकरींच्या बालनाट्याकडे या. 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण तिथली. तुमच्या कार्यक्रमात मुलं आहेत म्हणून हा दुवा महत्त्वाचा. २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी ती चेटकीण पुन्हा गाजवली, त्यामुळे आजच्या मुलांना नाव माहीत असतं, पण मूळ चेटकीण आबा टिपऱ्यांनीच केली होती हे माहीत नसतं. हे वाक्य बोलल्यावर निवेदिकेने क्षणभर थांबावं.

अशा निवेदनांत काही चुका वारंवार होतात, तेवढ्या टाळा. चिमणराव पडद्यावर पहिल्यांदा प्रभावळकरांनी आणला असं म्हणू नका. १९४० च्या 'लग्न पहावं करून'मध्ये दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दूरदर्शनच्या मालिकेचं श्रेय देताना बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आणि विजया जोगळेकर-धुमाळे यांचं दिग्दर्शन ही दोन नावं सोडू नका. बाळ कर्वे २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले, त्यांच्यासाठी निवेदनात एक वाक्य राखून ठेवा. 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचू प्रभावळकरांनी केला, पण त्याचा बाहुला रामदास पाध्ये यांचा. राष्ट्रीय पुरस्कार सांगताना तो सहायक अभिनेत्यासाठी, आणि 'लगे रहो मुन्नाभाई' व 'शेवरी' या दोन चित्रपटांसाठी मिळून होता हे नीट सांगा. फक्त गांधीजींचं नाव घेतलं की 'शेवरी'वर अन्याय होतो.

लांबीचा अंदाज घ्या. निवेदनाची मराठी मिनिटाला ११० ते १२० शब्दांच्या वर गेली की मागच्या रांगांना नीट कळत नाही. तुमच्या ४० मिनिटांत तीन प्रवेश मिळून २४ मिनिटं धरली तर निवेदनाला १६ उरतात. त्यातली टाळ्यांची, हशाची दोन वजा करा. म्हणजे एकूण १६०० शब्द, त्याहून एकही जास्त नको.

विंगेतून

नटाबद्दल लिहिते.

चित्रफिती पाहाव्यात, पण तालमीच्या पहिल्या तीन आठवड्यांत पाहू नयेत. पहिल्या दिवसापासून पाहिल्या तर नट चिमणराव करत नाही, 'चिमणराव करणारे प्रभावळकर' करतो. तीस सेकंद लोक खूश होतात आणि मग कंटाळतात, कारण नक्कल पुढे सरकत नाही. पुढचं वाक्य त्या माणसाला स्वतःला सुचतंय असं प्रेक्षकाला वाटलं पाहिजे, आणि ते नकलेत होत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी पाय, मग पाठीचा कणा, मग हात, मग नजर, आणि आवाज सगळ्यात शेवटी. बहुतेक हौशी नट आवाजापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. आवाज आधी बसला की शरीर आयुष्यभर त्याचंच राहतं, तीन भूमिकांत एकच माणूस तीन स्वरांत बोलताना दिसतो.

चिमणरावासाठी वजन टाचांवर घ्यायला सांगा. हा १९३० च्या दशकातला पापभीरू पांढरपेशा, समोरच्याचा शब्द अंगावर आला की अर्धं पाऊल मागे जाणारा. वजन मागे असलं की ते अर्धं पाऊल मुद्दाम टाकावं लागत नाही, ते पडतंच. कोपर बरगड्यांना चिकटलेले, हालचाल मनगटापासून पुढेच. आठवडाभर याच अंगाने एकही शब्द न बोलता घरात वावरायचं: कपाट उघडायचं, पाणी भरायचं, जोडे घालायचे.

आबांसाठी वजन मधोमध. म्हातारा म्हणजे वाकलेला आणि थरथरता हे पहिल्या तालमीलाच मोडून काढा. आबा घरातले सगळ्यात ताजेतवाने गृहस्थ आहेत. वय दिसतं ते उठता-बसतानाच्या तयारीत. उठण्याआधी एक श्वास, हात गुडघ्यावर, आणि उठल्यावर पहिलं पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभराचा थांबा. एवढं केलं की बाकी सगळा वेळ नट मोकळा. तिशीतला नट सत्तरीचा करताना हमखास मान पुढे काढतो. त्याने घसा आवळतो आणि दहा मिनिटांत आवाज बसतो. मान सरळ, वय फक्त गुडघ्यांत.

चिंची पुढच्या पंज्यांवर. तिथे सगळं मोठं चालतं, बालनाट्य आहे. पण मोठं म्हणजे अखंड मोठं नव्हे. मुलं तिसऱ्या किंकाळीला घाबरतही नाहीत आणि हसतही नाहीत. आठ मिनिटांच्या प्रवेशात मोठं विकट हसू फक्त दोनदा ठेवा, मधे चिंचीला अगदी हळू, लाडीगोडीने बोलू दे. मुलं त्या हळू बोलण्याला जास्त दचकतात.

आवाजाचं थोडक्यात. चिमणरावाचा तो बारीक किनरा आवाज घशातून काढला की मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही, शिवाय खोकला येतो. ओठ मिटून 'म्म्म' म्हणत नाकाच्या दांड्यावर आणि कपाळावर बोटं ठेवा, तिथे कंप जाणवला पाहिजे. त्याच जागेवर 'मामा', 'माझं म्हणणं', 'मी नाही म्हटलं' असे म-काराचे शब्द घ्या. रोज दहा मिनिटं, तीन आठवडे. त्याआधी प्रवेशाच्या शब्दांना हात लावू नका.

हशाचं एक कळलं पाहिजे. हशा वर चढतो, टेकतो आणि उतरतो. उतरायला लागला आणि अजून पूर्ण विझला नाही, त्या जागी पुढचं वाक्य सुरू करायचं. पूर्ण विझू दिला तर प्रत्येक विनोदानंतर खड्डा पडतो. चढता असताना बोललं तर वाक्य वाया जातं आणि लोक पुढच्या वेळी ऐकू यावं म्हणून हसणं आवरतात. थांबताना नटाने पात्रातच थांबायचं असतं: चिमणराव उपरण्याचं टोक नीट करेल, आबा चष्मा पुसतील. नुसतं उभं राहून हशा ओसरायची वाट पाहणारा नट लगेच ओळखू येतो.

चित्रफिती पाहाल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या की ते काम कॅमेऱ्यासाठी आहे. त्या काळच्या दूरदर्शनच्या स्टुडिओत प्रवेश बरेचसे सलग चित्रित व्हायचे, त्यामुळे चिमणराव नाटकाच्या जवळ आहे. टिपऱ्यांमध्ये कॅमेरा जवळ जातो. आबांची नुसती भुवई उचललेली तिथे पुरते. तुमच्या सभागृहात दहाव्या रांगेला भुवई दिसत नाही. तीच प्रतिक्रिया खांद्यापर्यंत आणावी लागेल, आणि तरी ती आबांचीच वाटली पाहिजे. तिन्हींतली सगळ्यात अवघड भूमिका आबांची आहे. त्यासाठी तालमीचा निम्मा वेळ राखून ठेवा.

बडोदेकर_रंगकर्मी

मनापासून आभार. पायापासून सुरुवात ही गोष्ट आजच नटाला कळवली. क्रम चिमणराव, आबा, चिंची असा धरला आहे. विंग एकच असल्यामुळे कपडेबदलाची काळजी वाटते. प्रवेश प्रत्येकी आठ मिनिटांचे आहेत.

रंगपट

क्रम बरोबर धरला आहे. का ते सांगतो, म्हणजे कोणी ऐन वेळी बदला म्हटलं तर तुमच्याकडे उत्तर असेल.

जलद बदलाचा नियम एकच, काढणं घालण्यापेक्षा सोपं असतं. म्हणून सगळ्यात जास्त कपड्यांची भूमिका आधी आणि वरून पांघरायची भूमिका शेवटी. चिमणरावाचं धोतर, सदरा, कोट, टोपी. कोट आणि धोतर उतरलं की आत आबांचा लेंगा आणि सदरा आधीच अंगात असतो. शेवटी चिंचीचा पायघोळ झगा त्या सगळ्यावरून. म्हणजे दोन्ही बदलांत नट एकदाही उघडा होत नाही.

धोतर नेसवू नका. शिवून घ्या. पाच वारी धोतर, निऱ्या कमरपट्टीला टाचलेल्या, मागचा काचा शिवलेला, कमरेला रुंद इलॅस्टिक आणि एका बाजूला हूक. आत लेंगा असल्यामुळे घेर नेहमीपेक्षा तीन-चार इंच जास्त ठेवायला शिंप्याला सांगा. लेंगा पोटरीपर्यंत दुमडून सेफ्टी पिनेने अडकवलेला ठेवा, धोतराच्या निऱ्यांतून पांढरा लेंगा दिसला तरी वाईट दिसत नाही, पण घोट्याशी डोकावला की सगळं उघडं पडतं. पिना लावायच्या त्या गडद दोऱ्याने खूण करून, म्हणजे अंधारात मदतनिसाला सापडतात.

वेल्क्रो वापरायचा मोह होतो. टाळा. लहान सभागृहात वेल्क्रो ओढल्याचा आवाज थेट पहिल्या पाच रांगांत जातो, निवेदिका चिं. विं.बद्दल गंभीरपणे बोलत असताना तर फारच. कोटाला टिचबटणं लावा आणि वरून नुसती दिखाऊ बटणं शिवा. पायात तिन्ही भूमिकांना एकच साधी, विनाबंदाची चप्पल. तीन पादत्राणं म्हणजे हमखास एक हरवतं.

वेळेचा हिशोब. चिमणराव ते आबा: कोट ७ सेकंद, टोपी आणि उपरणं ४, धोतर १०, लेंग्याच्या पिना सोडणं १२, पांढऱ्या केसांचा टोप बसवणं १५, चष्मा आणि आरशात एक नजर ५. सगळं मिळून ५३ सेकंद. प्रयोगाच्या दिवशी दीडपट लागतात असं धरा, म्हणजे ८० सेकंद. निवेदिकेला या जागी दोन मिनिटांचा मजकूर द्या. आणखी एक, त्या मजकुरात शेवटी वगळता येतील अशी दोन वाक्यं आणि वाढवता येतील अशी दोन वाक्यं आधीच लिहून ठेवा. नट तयार झाला की विंगेतला मदतनीस निवेदिकेला दिसेल असा छोटा निळा दिवा लावेल. हाक मारायची नाही.

मदतनिसांची वाटणी पक्की करा. एक जण फक्त डोकं आणि खांदे बघेल, दुसरा कमरेखालचं. नटाने स्वतः काहीही करायचं नाही, हात बाजूला धरून उभं राहायचं आणि श्वास सावरायचा. नट मदत करायला गेला की चार हात एकाच बटणावर येतात आणि वेळ दुप्पट होतो. खुर्चीवर कपडे उलट्या क्रमाने रचा: शेवटी लागणारं तळाशी. विंगेत मळकट निळा प्रकाश ठेवा, टॉर्चला निळा जिलेटिन कागद दोन पदरी गुंडाळला तरी चालतं. कपडेबदलाच्या वेगळ्या तालमी किमान १५ घ्या, घड्याळ लावून, त्यातल्या शेवटच्या पाच अंधारात.

रंगभूषेत तिन्ही भूमिकांचा पाया एकच ठेवा. चेहऱ्याचा मूळ रंग एकदाच लावायचा आणि तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. आबांच्या सुरकुत्या चिमणरावाच्या वेळीच हलक्या हाताने काढून ठेवा. चिमणरावाच्या टोपीची कड कपाळ झाकते, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेषा त्याच्या काळजीत खपून जातात. रेषा काळ्या पेन्सिलीने काढू नका, लांबून त्या मिशा वाटतात. तपकिरी रेष, तिच्या कडेला लागून उजळ रंगाची रेष, आणि बोटाने एकाच बाजूला पुसायचं.

केस पांढरे करायला पावडर लावू नका. अंगावर सांडते, आणि नटाने मान हलवली की प्रकाशझोतात तिचा धूर दिसतो. हलका टोप घ्या, तालमीत किमान पाच वेळा वापरा. मिशी लावणार असाल तर स्पिरिट गम लावल्यावर लगेच चिकटवू नका, बोटाला चिकट लागेपर्यंत २० ते ३० सेकंद थांबा आणि मग ओल्या फडक्याने दाबा. ओल्या गमावर लावलेली मिशी पहिल्या घामाला सुटते. आदल्या दिवशी कानामागे थोडा गम लावून त्वचेला सोसतो का ते बघा. काढताना ओढायची नाही. खोबरेल तेलाने सोडवली तर त्यावर पुन्हा काही चिकटत नाही, म्हणून तेल फक्त कार्यक्रम संपल्यावर.

चिंचीचं नाक गमाने चिकटवू नका. टोपाच्याच आतल्या पट्टीला पातळ इलॅस्टिक जोडून त्यावर नाक बसवा, म्हणजे टोप आणि नाक एका हालचालीत चढतं. नाकपुड्या मोकळ्या आहेत ना हे नटाला पळायला लावून तपासा. नाक दाबलं गेलं की आवाज गेंगाणा होतो आणि एकही शब्द कळत नाही. इलॅस्टिक नटाच्या केसांच्या रंगाचं घ्या.

प्रभावळकरांच्या 'हसवाफसवी'तून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे नट आत बदलत असताना इतर पात्रं रंगमंच धरून ठेवतात, आणि तो भाग मुळातच नाटकाच्या गोष्टीत विणलेला आहे. रिकामी जागा भरायला आणलेला वाटत नाही. पुढे पुष्कर श्रोत्रींनी ते नाटक केलं तेव्हाही हीच बांधणी उपयोगी पडली. तुमची निवेदिका तीच भूमिका बजावते आहे. तिला खुर्चीत बसवून कागद वाचायला लावू नका.

कलम_५२

परवानगीबद्दल.

चिं. वि. जोशी २१ नोव्हेंबर १९६३ रोजी वारले. भारतात साहित्यावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ती मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या कथांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. मूळ कथेचं तुम्ही स्वतः नाट्यरूप करू शकता, शब्द कमी-जास्त करू शकता. पण दूरदर्शन मालिकेची संहिता ही वेगळी कलाकृती आहे, तिच्यातले संवाद उतरवून घेऊ नका. पुस्तक हातात घ्या आणि तिथून काम करा. या कथा चिमणराव स्वतःच सांगतो अशा घाटाच्या आहेत, एकपात्रीला याहून सोयीचं काय असणार. आठ मिनिटांच्या प्रवेशाला हशा धरून साधारण ८०० शब्द लागतात. कथा लांब असते, तिच्यातला एकच प्रसंग निवडा आणि उपप्रसंग पूर्ण गाळा. सगळ्या प्रसंगांतलं थोडं थोडं ठेवायला गेलं की चिमणरावाची फजिती चढत जात नाही.

'अलबत्या गलबत्या'ची गोष्ट वेगळी. रत्नाकर मतकरी २०२० साली गेले, त्यांचे हक्क कित्येक वर्षं शाबूत आहेत. टिपरे तर हयात लेखकाचे. कायद्यात हौशी संस्थेला एक सवलत आहे, प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेला प्रयोग हक्कभंग ठरत नाही. तुमचं तिकीट नाही, म्हणजे तुम्ही त्या सवलतीच्या जवळ आहात. पण तीन ठिकाणी लोक घसरतात. देणगी प्रवेशिका हे तिकीटच धरलं जाऊ शकतं. मूळ संहितेत फेरफार करून नवी संहिता बनवणं या सवलतीत येत नाही. आणि कार्यक्रमाचं चित्रण यूट्यूबवर टाकणं, थेट प्रक्षेपण करणं हेही येत नाही, मग सभागृहात कितीही फुकट असो. म्हणून दोन्हींसाठी लेखी परवानगी मागाच. पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कोणता प्रवेश, किती मिनिटं, तिकीट नाही, चित्रण करणार की नाही. उत्तराला महिना लागू शकतो, तुमच्याकडे सहा आठवडेच आहेत, तेव्हा पत्र याच आठवड्यात जाऊ द्या.

आबांच्या बाबतीत एक वाट सुचवतो. रोजनिशीतून घर दाखवणं हा घाट कोणाच्या मालकीचा नसतो, शब्द आणि पात्रं मालकीची असतात. परवानगी वेळेत आली नाही तर बडोद्यातल्या एखाद्या मराठी घरातल्या आजोबांची रोजनिशी तुम्ही स्वतः लिहा आणि निवेदिकेने आधी टिपऱ्यांच्या घाटाविषयी सांगून ती प्रभावळकरांना अर्पण करावी. पात्राचं नाव आबा टिपरे ठेवायचं नाही.

मालिकांचे तुकडे पडद्यावर दाखवायचा विचार असेल तर त्याचे हक्क त्या त्या वाहिनीकडे असतात. एवढ्या वेळात ते जमणं कठीण. छायाचित्रांवरही छायाचित्रकाराचा हक्क असतो. पडदा ठेवूच नका, तुमच्याकडे जिवंत नट आहे.

तिसरी_घंटा

'रंगपट' यांचं तंत्र अचूक आहे, पण क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. गणेशोत्सवात कार्यक्रम रात्री नऊला सुरू व्हायचा तो साडेनऊला होतो. चिंची तिसरी आली तर दहा वाजून जातात. मुलं तोवर झोपलेली किंवा बाहेर पळालेली. चिंची ज्यांच्यासाठी आहे ती माणसंच सभागृहात नसतील तर काय उपयोग? आणि आबांवर शेवट केला तर मोठ्या माणसांना घरी नेण्यासारखं काही मिळतं.

विंगेतून

मुलांचा मुद्दा पटतो, पण घशाचाही विचार करा. चेटकिणीच्या किंकाळीनंतर लगेच चिमणरावाचा बारीक आवाज लावला तर तो फाटतो. चिंची पहिली घ्यायची असेल तर प्रवेश पाच मिनिटांवर आणा, विकट हसू एकदाच, आणि पुढच्या बदलात नटाला दोन घोट कोमट पाणी द्या. गार पाणी, चहा काही नको.

रंगपट

चिंची पहिली घेतली तरी माझी रचना मोडत नाही. झगा सगळ्यात वर आहे, तो आधी उतरवायचा, खाली चिमणराव तयार. फक्त झग्याआड कोट फुगलेला दिसतो, म्हणून कोट अंगात न ठेवता विंगेत खुर्चीवर ठेवा आणि उपरणंही तिथेच. या क्रमात पहिल्या बदलाला टोप आणि नाक उतरवणं ५ सेकंद, झगा ६, कोट ८, टोपी आणि उपरणं ५. पंचवीस सेकंदांत काम होतं, म्हणजे उलट वेळ वाचतो. धोतरावर झगा असल्यामुळे उकाडा मात्र होतो, चेहऱ्याला घाम येईल. विंगेत टिपकागद ठेवा आणि चेहरा पुसायचा नाही, टिपायचा. पुसला की आबांच्या सुरकुत्या गेल्या.

बडोदेकर_रंगकर्मी

ठरलं, चिंची, चिमणराव, आबा. परवानगीची दोन्ही पत्रं उद्या जातील. शेवटचं एक: सभागृहात एकच कॉलर माइक आहे आणि दोन हातात धरायचे. नटाला कोणता द्यावा?

विंगेतून

हातातला नटाला अजिबात नको, हात गेले की चिमणराव गेला. एक निवेदिकेला द्या. कॉलर माइक कॉलरला लावू नका, तीनदा कपडे बदलताना तो तीनदा खरखरेल. आतल्या बनियनवर, छातीच्या हाडाच्या मध्यभागी, वैद्यकीय कागदी चिकटपट्टीने तोंड वर करून बसवा, वायर बनियनच्या आतून कमरेपर्यंत, आणि डबी इलॅस्टिकच्या पट्ट्यात पाठीमागे, मणक्याच्या जरा उजवीकडे. वरच्या सदऱ्याचं कापड सुती हवं, कडक इस्त्री किंवा खळ असेल तर घासल्याचा आवाज येतो. बदल सुरू होताना ध्वनियंत्रणेवरच्या माणसाने नटाचा माइक बंद करायचा आणि निळा दिवा लागल्यावर चालू, हे त्याच्या संहितेत लाल शाईने लिहा. बॅटरी कार्यक्रमाच्या दिवशी नवीन घाला, तालमीची वापरू नका. आणि हातातला दुसरा माइक, चालू करून, डाव्या विंगेच्या तोंडाशी स्टँडवर ठेवा. कॉलर माइक मधेच गेला तर नटाने बोलत बोलत तिकडे सरकायचं. ही सरकण्याची तालीमही एकदा तिन्ही भूमिकांत घ्या, कारण चिंची तिथे उडी मारत जाईल, चिमणराव बिचकत आणि आबा सावकाश.